वीतभर हेलिकॉप्टर

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोन-तीन जणांनी विचारलंही, की बाबा रे, आहेस ना? आहे. मधल्या काळात मी हेलिकॉप्टर उडवायला शिकत होतो. हसू नका. खरं नव्हे, खेळण्यातलं. वीतभर लांब, चाळीसेक ग्रॅम वजनाचं, रिमोटवर चालणारं. पण ते शिकावं लागतं हे मात्र खरं. त्यात जे काय घडलं ते सगळं इथे लिहायला अप्पांनी परवानगी दिली आहे. ताई, तू हे वाचणारच आहेस, म्हणून आधीच सांगतो. मधे एक गोष्ट अशी येईल जी आम्ही तुला सांगितलेली नाही. शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर.

तर झालं असं. २०२४ च्या दिवाळीत ताई आणि भाचेबुवा नाशिकहून आमच्याकडे पुण्याला आले होते. भाचेबुवांचं वय वर्षं नऊ. मामाकडून त्यांना ड्रोन हवा होता. मी बोहरी आळीत गेलो, ड्रोनच्या किमती ऐकल्या, आणि आपलं मामापण किती रुपयांपर्यंत टिकतं ते मला त्या दुकानात उभ्या उभ्या कळलं. दुकानदार अनुभवी असावा. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मागच्या फळीवरून एक खोका काढून त्यावरची धूळ झटकली. "हे घ्या साहेब, हेलिकॉप्टर. दीड हजारात. पोरगं खूश." त्यातही दोन प्रकार होते. एक जरा महाग, स्वतःहून एका उंचीवर थांबून राहणारं. दुसरं जुन्या पद्धतीचं, ज्यात उंची आपली आपणच सांभाळायची. मी अर्थातच स्वस्तातलं घेतलं. ही कंजुषी पुढे किती कामाला येणार आहे ह्याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

भाचेबुवांनी ते मोजून पंधरा मिनिटं उडवलं. म्हणजे आधी ते फरशीवर भोवऱ्यासारखं गोल गोल फिरलं, मग एकदम सुसाट वर जाऊन छताला आपटलं, आणि शेवटी गॅलरीतल्या आकाशकंदिलात घुसलं. कंदील फाटला. "मामा, हे बोअर आहे," असा निकाल देऊन भाचेबुवा मोबाइलकडे वळले. भाऊबीज आटोपून मंडळी नाशिकला परत गेली तेव्हा खोका आमच्याच घरी राहिला.

आता थोडं अप्पांविषयी. अप्पा भोसरीच्या एका कंपनीत चौतीस वर्षं टर्नर होते. लेथवर उभा राहणारा माणूस. केसाच्या जाडीइतका फरक त्यांना बोटाच्या पेराने कळायचा, असं त्यांचे जुने सहकारी अजून सांगतात. जून २०२४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, डोकंही पहिल्यासारखं तल्लख, पण डावी बाजू लुळी पडली. काठी घेऊन घरातल्या घरात चालण्याइतका पाय सुधारला. डावा हात मात्र कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा मांडीवर पडलेला असायचा. बोटं अर्धवट मिटलेली. अंगठा तेवढा थोडाफार हलायचा. व्यायाम शिकवायला यायच्या त्या बाईंनी एक पिवळा रबरी चेंडू दिला होता, दिवसातून चार वेळा दाबायला. अप्पांनी तो टीव्हीशेजारी ठेवून दिला होता. "मी काय तान्हं बाळ आहे?"

आणि मी? मी आदर्श मुलगा झालो होतो. शर्टाची बटणं मी लावायचो. चहाचा कप त्यांनी उचलायच्या आत माझा हात खाली असायचा. ताट आलं की मी पोळीचे तुकडे करून द्यायचो. जिन्यात कोपर धरायचो, ते सोडा, सपाट फरशीवरसुद्धा धरायचो. शेजारच्या काकू म्हणायच्या, "किती करतो हो तुमचा मुलगा!" ते ऐकून मला बरंही वाटायचं. कशाला खोटं बोलू? अप्पा काही म्हणायचे नाहीत. हळूहळू ते कशाबद्दलच काही म्हणेनासे झाले. पेपर, टीव्ही, आणि साडेआठला अंथरुणात.

डिसेंबरातल्या एका रविवारी माळा आवरताना तो खोका हाताला लागला. म्हटलं, बघू तरी. रिमोटमध्ये सहा पेन्सिल सेल घातले, हेलिकॉप्टर चार्जिंगला लावलं. पाऊण तास चार्जिंग आणि सात-आठ मिनिटं उड्डाण असा त्याचा हिशोब. आपल्या सरकारी योजनांसारखा. तयारीला वेळ जास्त, प्रत्यक्ष काम कमी.

उडवलं. भाचेबुवांचं जे झालं तेच माझं झालं. मग मी रीतसर अभ्यासाला लागलो. आठवडाभर रोज रात्री वाचत होतो आणि व्हिडिओ बघत होतो. जे कळलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर होईल.

पहिलं म्हणजे डोक्यावरचा पंखा बंद. चाळीस ग्रॅमच्या जिवाला पंख्याचा वारा म्हणजे वादळच. दुसरं, हेलिकॉप्टर आपल्यापासून चार-पाच पावलांवर ठेवायचं, आणि शेपूट आपल्याकडे. म्हणजे त्याचं डावं ते आपलं डावं. ते वळून आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डाव्या-उजव्याची अदलाबदल होते आणि भलेभले गोंधळतात. अशा वेळी आपण त्याच्या आत बसलो आहोत असं समजायचं. तिसरं, जमिनीलगत रेंगाळायचं नाही. पात्यांनी खाली ढकललेली हवा फरशीवर आपटून पसरते आणि त्या गडबडीत हेलिकॉप्टर बर्फावर ठेवल्यासारखं इकडेतिकडे घसरतं. नवखा माणूस घाबरून तिथेच चार बोटांवर ठेवतो आणि तिथेच ते सगळ्यात अवघड असतं. सरळ कमरेच्या उंचीपर्यंत न्यायचं. चौथं, उन्हात उडवायचं नाही. हा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवर चालतो. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात शिरलं की हेलिकॉप्टरला आपलं काही ऐकू येत नाही. आणि पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं. ते कुठेही आपटणार असं दिसलं की आधी डावी दांडी सोडून शक्ती बंद करायची. पाती अडकलेली असताना मोटर फिरत राहिली तर बारीक दाते तरी तुटतात नाहीतर मोटर जळते.

हे सगळं पाठ करून मी पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहिलो. डावी दांडी हळूहळू वर. हेलिकॉप्टर उठलं, कमरेपर्यंत आलं. जरासं डावीकडे वळलं, मी उजवीकडे दांडी मारली. ते फारच उजवीकडे गेलं, मी डावीकडे मारली. पुढे गेलं, मी मागे ओढलं. मागे आलं, मी पुढे ढकललं. दहा सेकंदांत ते पिसाळल्यासारखं झालं आणि कपाटाच्या आरशावर जाऊन आदळलं.

असं पाच-सहा वेळा झालं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अरे, हात सोड ना!"

अप्पा दिवाणावर बसून बघत होते. पेपर मांडीवर. मी म्हटलं, "सोडला तर पडेल, अप्पा."

"डावा नाही, उजवा. डावा धरून ठेव. उजवा सोड. ते आपलं आपण सावरतंय, तूच त्याला सावरू देत नाहीयेस."

कित्येक महिन्यांत अप्पा एका दमात एवढं बोलले नव्हते. मी उजवा अंगठा उचलला. हेलिकॉप्टर जरा डुललं, डोकं हलवल्यासारखं केलं, आणि हवेत जवळजवळ एका जागी उभं राहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन आली आणि म्हणाली, "अगंबाई!"

ते आपलं आपण कसं सावरतं हा प्रश्न मग अप्पांनी दिवसभर सोडला नाही. त्यांना मी वाचलेलं सांगितलं, आणि अर्धं त्यांनीच मला समजावलं. ह्या हेलिकॉप्टरला एकाच दांड्यावर एकावर एक अशा पात्यांच्या दोन जोड्या असतात आणि त्या उलट्या दिशांना फिरतात. का? अप्पा म्हणाले, "ड्रिल मशीनचा बिट लोखंडात अडकला की काय होतं? मशीनच उलटं फिरायला बघतं आणि मनगट पिळवटतं. तेच हे." पाती एका दिशेला फिरवली की खालचं धूड दुसऱ्या दिशेला फिरू पाहतं. मोठ्या हेलिकॉप्टरांच्या शेपटीला जो उभा पंखा असतो तो हे फिरणं रोखायला. इथे दोन जोड्या एकमेकींची पीळ काढून टाकतात. वळायचं असेल तेव्हा एका जोडीचा वेग किंचित वाढतो, दुसरीचा कमी होतो. आपल्या नौदलाकडे रशियन बनावटीची कामॉव्ह हेलिकॉप्टरं आहेत, ती अशीच दुहेरी पात्यांची. ह्या खेळण्याच्या शेपटीला जी छोटी पाती असतात ती मात्र आडवी असतात. शेपूट जरा वर उचलायची की नाक खाली होतं आणि ते पुढे जातं, एवढंच त्यांचं काम.

आणि सगळ्यात वर एक आडवी काडी असते, दोन टोकांना वजनं असलेली. ती सावरण्याचं काम करते. फिरणारा भोवरा जसा आपला तोल सोडत नाही तशी ती काडी आपल्या पातळीत फिरत राहते. खालचं धूड कलंडलं तरी ती लगेच कलंडत नाही, आणि तिला जोडलेल्या बारीक दुव्यांमधून पात्यांचा कोन असा बदलतो की धूड परत सरळ होतं. अशी काडी खऱ्या हेलिकॉप्टरवर आणली ती आर्थर यंग नावाच्या अमेरिकन माणसाने. १९२० च्या दशकाच्या शेवटापासून तो एकटाच छोटी छोटी मॉडेलं बनवून हा उद्योग करत होता. विजेच्या मोटरवर चालणारी मॉडेलं एका गोठ्यावजा कोठारात उडवायचा, पाडायचा, परत जुळवायचा. १९४१ मध्ये तो बेल कंपनीत गेला, आणि त्यातून जे बेल ४७ निघालं त्याला ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळालं. नागरी हेलिकॉप्टरला मिळालेलं ते पहिलंच. म्हणजे मॉडेलांपासूनच त्याची सुरुवात होती. हे ऐकून अप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बारा वर्षं. कुणी पगार देत नसताना."

त्या संध्याकाळी त्यांनी रिमोट मागितला.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शक्तीची दांडी डावीकडे असते. डाव्या अंगठ्याने ती वर ढकलायची आणि तशीच धरून ठेवायची. आमच्या रिमोटमध्ये तिला स्प्रिंग होती, सोडली की खाली. स्वतःहून उंची धरणारं महागातलं घेतलं असतं तर हे काम राहिलंच नसतं. मी म्हटलं, "अप्पा, डावीकडचं मी धरतो, तुम्ही उजवीकडून वळवा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं फक्त. मग मांडीवर उशी घेतली, तिच्यावर रिमोट ठेवला, उजव्या हाताने डावा हात उचलून रिमोटवर आणला, आणि अंगठा दांडीवर बसवला.

पहिल्या दिवशी पातीसुद्धा फिरली नाहीत. दुसऱ्या दिवशी फिरली. चौथ्या-पाचव्या दिवशी हेलिकॉप्टर फरशीवर घसरायला लागलं. नववर्ष उजाडेपर्यंत ते वीतभर उठून धप्पकन पडत होतं, आणि प्रत्येक वेळी मी धावत जाऊन ते उचलून आणत होतो. पिवळा चेंडू कुणीच आणला नाही, पण रोज तीन बॅटऱ्या, म्हणजे तीन वेळा चार्ज करून, वीस-पंचवीस मिनिटं तो अंगठा स्प्रिंगशी झगडत होता. व्यायामाच्या बाईंना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, हा काही उपचार नव्हे, पण अंगठा हलतोय ना, मग हलू दे. आणि चेंडूही दाबा.

मधे एकदा वरची पाती बदलावी लागली. सुटी पाती मिळतात. वरची आणि खालची वेगवेगळी असतात आणि त्यांच्यावर तशा खुणाही असतात. त्यांची अदलाबदल चालत नाही. बसवताना अप्पा म्हणाले, "ढिलं आहे. आवळ." मी आवळलं. मग हेलिकॉप्टर असं थरथरायला लागलं की बघवेना. वाचल्यावर कळलं, की पातं स्क्रूवर सहज झुललं पाहिजे. फिरायला लागलं की ते ओढलं जाऊन आपोआप सरळ रेषेत येतं. घट्ट आवळलं तर वाकड्यातच अडकतं. मी ते सैल केलं आणि थरथर गेली. आयुष्यभर कसून आवळण्याचा पगार घेतलेल्या माणसाला हे पटेल का अशी मला शंका होती. पण अप्पा खूश झाले. "बघ, ढिलाईचंसुद्धा माप असतं," म्हणाले. दोन दिवस येईल त्याला ही गोष्ट सांगत होते.

ताई, आता ते.

जानेवारी २०२५ मधल्या एका बुधवारी मी ऑफिसातून लवकर आलो. आई भजनाला गेली होती. दार उघडलं तर अप्पा फरशीवर बसलेले, दिवाणाला पाठ टेकून. काठी लांब पडलेली. रिमोट उशीवर, आणि हेलिकॉप्टर टीव्हीच्या टेबलाखाली. ते उचलायला म्हणून खाली वाकले, तोल गेला, आणि मग उठता आलं नाही. अर्धा तास ते तसेच बसून होते. गुडघ्याला खरचटलं होतं, बाकी काही नाही. डॉक्टरांना लगेच दाखवलं, त्यांनी सगळं तपासलं, काळजीचं कारण नाही म्हणाले. पण दार उघडल्यानंतरचा तो क्षण मला अजून आठवतो. माझे पाय गळाले होते.

आणि मग मी चिडलो. घाबरलेला माणूस चिडतो तसा. त्यांना उठवलं, बसवलं, पाणी दिलं, आणि नको ते सगळं बोललो. हेलिकॉप्टर आणि रिमोट खोक्यात घालून कपाटावर ठेवून दिलं. "बास झाला हा खेळ," म्हटलं. "तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "ताईला सांगू नकोस." आणि थोड्या वेळाने, "तू मला उचलून ठेवायची वस्तू करून टाकलंयस."

रात्री मी नेहमीप्रमाणे पोळीचे तुकडे करायला घेतले तर त्यांनी ताट ओढून घेतलं. "पोळी माणूस उजव्या हातानेच तोडतो रे. माझा उजवा गेलेला नाही."

मंडळी, मी गार पडलो. पोळी एका हातानेच तोडतात! मी स्वतः रोज एकाच हाताने तोडतो. आणि सात महिने मी ह्या माणसाच्या पोळीचे तुकडे करत होतो, आणि त्यांनी ते खाल्ले होते.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. खोका कपाटावर होता. रात्री झोप लागेना तेव्हा मला ते आरशावर आदळणारं हेलिकॉप्टर दिसायचं. जरा डावीकडे गेलं की मार उजवीकडे, जरा पुढे गेलं की ओढ मागे. पण नुसतं सोडूनही भागत नव्हतं. डावा अंगठा उचलला की ते दगडासारखं खाली येतं, हेही मला माहीत होतं. अप्पा पडले होते. ते खोटं नव्हतं. माझी भीती खोटी नव्हती. मग धरायचं काय आणि सोडायचं काय? हेलिकॉप्टरच्या बाबतीत अप्पांनी मला ते एका वाक्यात सांगितलं होतं. माणसांच्या बाबतीत कुणी असं सांगत नाही, आपणच चाचपडत शोधायचं.

तिसऱ्या दिवशी मी खोका खाली काढला आणि अप्पांच्या समोर ठेवला. म्हटलं, "उडवा. पण ते पडलं की उचलायचं कसं ते आधी ठरवू. वाकायचं नाही, एवढं एकच माझं ऐका."

अप्पांनी दोन मिनिटं विचार केला. मग म्हणाले, "माळ्यावर पडद्याचा जुना पाइप आहे. तो काढ. आणि एक जाड तार."

पुढचा तासभर आमच्या दिवाणखान्यात वर्कशॉप होतं. त्यांनी मला तार कशी वाकवायची ते सांगितलं, मी वाकवली. चुकलं तर "पुन्हा". पाइपच्या टोकात तार ठोकून बसवली, तिचं तोंड कानशीने घासून घेतलं, म्हणजे टोचायला नको. आंबे काढायची आकडी असते ना, तशी एक लांब आकडी तयार झाली. दिवाणावर बसल्या बसल्या हेलिकॉप्टरच्या पायांत ती अडकवायची आणि ओढून घ्यायचं. टेबलाखालून, सोफ्यामागून, कुठूनही. पहिल्यांदा त्यांनी ते उजव्या हाताने टेबलाखालून ओढून आणलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवायला मला बरंच मागे जावं लागलं. लहानपणी एकदा त्यांच्या कंपनीत गेलो होतो तेव्हा, बहुतेक.

त्यानंतर मी एक यादी केली. मनातल्या मनात. जिन्यात कोपर धरायचं, कारण जिना खरोखर धोक्याचा आहे. बाथरूमबाहेर थांबायचं, पण बाहेरच. बटणं त्यांनी सांगितलं तर. चहाच्या कपाखाली हात न्यायचा नाही. पोळीला हात लावायचा नाही. कप दोनदा सांडला. आईने पुसलं, कुणी काही मेलं नाही.

तुम्ही विचाराल, हात बरा झाला का? नाही. बोटं अजून तशीच अर्धी मिटलेली असतात. बटण अजून डाव्या हाताने लागत नाही, आणि ते लागेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण कमरेच्या उंचीवर हेलिकॉप्टर एका जागी धरून ठेवण्याचा अप्पांचा विक्रम सध्या एकतीस सेकंदांचा आहे. आई पोळ्या लाटता लाटता मोठ्याने आकडे मोजते, कबड्डीतल्या पंचासारखी. माझा विक्रम जास्त आहे, पण ते अप्पांना मान्य नाही. त्यांच्या मते माझं हेलिकॉप्टर "तरंगत" नाही, "भटकतं".

कुणाला घ्यायचंच असेल तर दोन-चार गोष्टी आणखी. पहिलं हेलिकॉप्टर असंच दुहेरी पात्यांचं घ्या. एकेरी पात्याचं, चार चॅनेलचं दिसायला ऐटबाज असतं आणि कडेलाही सरकतं, पण ते स्वतःहून एवढं सावरत नाही. ते नंतर. नाक सारखं एका बाजूला वळत असेल तर रिमोटवर एक छोटं ट्रिमचं बटण असतं, ते उलट्या दिशेला थोडं थोडं फिरवा. सगळी चूक आपल्या हाताची नसते. बॅटरी लिथियम-पॉलिमरची असते, उडवून झाल्यावर ती गरम असते, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या आणि मगच चार्जिंगला लावा. चार्जिंगला लावून झोपू नका, बाहेर जाऊ नका. उंची धरेनासं झालं की उतरवा, शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नका. आणि दर आठवड्याला दांड्यावर केस गुंडाळले गेलेत का ते बघा. आमच्याकडे निघालेले सगळे केस आईचे होते. ती म्हणते माझे नाहीतच.

भाचेबुवांना सांगा, त्यांचं हेलिकॉप्टर आजोबांनी जप्त केलेलं आहे. परत हवं असेल तर येऊन तीस सेकंद एका जागी धरून दाखवायचं. हा निरोप अप्पांचा आहे, माझा नाही.

हे लिहितोय तेव्हा मी आतल्या खोलीत आहे. बाहेर पात्यांची भुणभुण चालू आहे, आणि आई मोजतेय. सोळा, सतरा, अठरा... आता धप्प झालं. बहुतेक सोफ्यामागे. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो, परत बसलो.

फरशीवरून आकडी सरकल्याचा आवाज येतोय.

ताई, आता कर फोन. पण अप्पांना कर, मला नको. आणि रागावू नकोस त्यांच्यावर. निदान बॅटरी संपेपर्यंत तरी.